डायबिटीस आणि दातांचे इम्प्लांट : फिटनेसच्या चिठ्ठीत काय असायला हवं?

"डॉक्टर, दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी मागितली आहे. शुगर नॉर्मल आहे, एवढं फक्त लिहून द्या."

आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या केबिनमध्ये ऐकू येतं. बहुतेक वेळा समोरची व्यक्ती साठीच्या आसपासची असते, हातात त्याच सकाळचा शुगरचा रिपोर्ट असतो आणि इम्प्लांटची तारीख आधीच ठरलेली असते. माझ्याकडून हवी असते ती फक्त सही.

डायबिटीस आहे म्हणून इम्प्लांट करता येत नाहीत, हा समज चुकीचा आहे. त्या दिवशीची शुगर १२० आली म्हणजे इम्प्लांट करायला हरकत नाही, हा समज त्याहून जास्त चुकीचा आहे. हा दुसरा समज पसरवण्यात आम्हा फिजिशियन मंडळींचाही हात आहे, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, वय ६४, डायबिटीस १४ वर्षांचा. ओझरला १९६४ मध्ये एचएएलचा मिग विमानांचा कारखाना आला, त्यामुळे आमच्या गावात निवृत्त कामगारांची संख्या मोठी आहे आणि ही मंडळी कागदपत्रांच्या बाबतीत अतिशय व्यवस्थित असतात. काकांची फाइलही तशीच, तारखेनुसार लावलेली. खालच्या जबड्यात एकही दात उरला नव्हता. कवळी होती, पण ती बोलताना उचलली जायची. म्हणून चार इम्प्लांट करून त्यावर फिक्स दात बसवायचं ठरलं होतं. डेंटिस्टने रीतसर पत्र लिहून डायबिटीस कितपत नियंत्रणात आहे याबद्दल माझा अभिप्राय मागितला होता. काकांनी उपाशीपोटीची शुगर दाखवली, ११८. बाहेर वीसेक पेशंट बसले होते. मी 'फिट फॉर डेंटल प्रोसिजर' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

फाइलचं एक पान उलटलं असतं तर दोन महिन्यांपूर्वीचा एचबीए१सी दिसला असता. तो ९.६ होता. त्या दिवशी ११८ कशी आली, हे काकांनी नंतर स्वतःच सांगितलं. आदल्या रात्री नुसतं ताक पिऊन झोपले होते आणि गोळी मात्र पूर्ण घेतली होती. मी त्यांना "तोंड उघडा" असंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वरच्या दातांच्या हिरड्यांतून येणारा पू दिसला असता.

साडेतीन महिन्यांनी डेंटिस्टने तपासलं तेव्हा चारपैकी दोन इम्प्लांट हलत होते. ते काढावे लागले. काका मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. डेंटिस्टचं पुन्हा एक पत्र आलं. त्यात या वेळी एचबीए१सीचा आकडा मागितला होता आणि तो शब्द अधोरेखित केला होता.

इम्प्लांट रुजतो म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात. हाड त्याला धरतं, एकजीव होतं, आणि मग त्यावर दाताची कॅप चढवतात. स्वीडनमधले डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या पायाच्या हाडाचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण त्यांना शेवटी काढताच येईना, कारण हाडाने ते घट्ट धरून ठेवलं होतं. त्यातून ही कल्पना निघाली. १९६५ मध्ये गोस्टा लार्सन नावाच्या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षं ते दात काम करत होते.

द्राक्ष बागायतदारांना मी हे त्यांच्या भाषेत सांगतो. तुम्ही आधी डॉगरीजचा खुंट लावता. तो जमिनीत मुळं धरतो, जोम घेतो. काही महिने थांबून मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरता. स्क्रू म्हणजे खुंट आणि वरचा दात म्हणजे कलम. खुंटच रुजला नसेल तर कलम कितीही भारी लावा, उपयोग काय? खालच्या जबड्यात रुजायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, वरच्या जबड्याचं हाड पोकळ असल्याने तिथे चार ते सहा.

आता यात साखर कुठे येते ते बघा. रक्तातली साखर सतत जास्त राहिली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि जंतूंशी नीट लढत नाहीत. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, म्हणून जखमेपर्यंत रक्त कमी पोहोचतं. नवीन हाड तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. पायाची जखम भरायला उशीर का होतो, हे तुम्ही अनेक वेळा ऐकलं असेल. जबड्यातही तेच होतं, फक्त ते दिसत नाही.

म्हणजे इम्प्लांटच्या दृष्टीने महत्त्वाचे दिवस कोणते? ऑपरेशनची सकाळ नव्हे. ऑपरेशननंतरचे तीन ते सहा महिने! रुजण्याचं सगळं काम त्या काळात होतं. फिजिशियन जेव्हा 'फिट' असं लिहितो तेव्हा तो खरं तर पुढच्या काही महिन्यांची हमी देत असतो, आणि एका सकाळच्या शुगरवरून ती देता येत नाही. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, कारण तांबड्या रक्तपेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. मागचे तीन महिने तुम्ही कसे काढलेत, यावरून पुढचे तीन कसे जातील याचा अंदाज बांधता येतो. म्हणून तो आकडा हवा.

मग किती एचबीए१सी चालेल?

इथे जगभरच्या डॉक्टरांमध्ये एकच रेषा ठरलेली नाही. ७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर डायबिटीस नसलेल्या माणसाइतकंच चांगलं यश मिळण्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. ७ ते ८ मध्ये असेल आणि वय जास्त असेल, तर मी साधारणपणे होकार देतो, कारण सत्तरीच्या माणसाची शुगर फार खाली ओढण्यात वेगळे धोके असतात. ८ च्या वर असेल तर मी थांबायला सांगतो.

यावर एखादा डेंटिस्ट मला सांगेल की थांबायची गरजच नाही, आणि त्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एचबीए१सी ८ च्या वर असलेल्या लोकांचेही इम्प्लांट वर्षअखेरीस बहुतांशी टिकून होते. मात्र त्यांना हाडात घट्ट व्हायला जास्त वेळ लागला. मी त्याचा अर्थ असा घेतो की साखर जास्त म्हणजे दार कायमचं बंद असं नाही. पण ज्याची साखर जास्त, त्याला घाई परवडत नाही. आणि एका वर्षात टिकला म्हणजे झालं असंही नाही. पंचवीस-तीस हजार ते पन्नास हजार रुपये एका दाताला देणारा माणूस एका वर्षासाठी देत नाही.

'एका दिवसात फिक्स दात' अशा जाहिराती आता नाशिकला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. लगेच दात बसवण्याची पद्धत खोटी नाही. हाड भक्कम असेल, पेशंट नीट निवडला असेल तर ती चालते. पण तो निवडलेला पेशंट ९.६ एचबीए१सी असलेला नसावा, एवढंच माझं म्हणणं.

एचबीए१सीबद्दल एक सावधगिरी. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि नुकतंच बरंच रक्त गेलं असेल किंवा रक्त चढवलं असेल तर खोटा कमी. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की मी हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय एचबीए१सीवर शिक्कामोर्तब करत नाही. शंका वाटली तर आठ-दहा दिवस घरी ग्लुकोमीटरवर जेवणाआधी आणि जेवणानंतर शुगर लिहून आणायला सांगतो. आकडे खरे लिहा. मला खूश करायला लिहिलेले आकडे वहीत लगेच ओळखू येतात, सगळे ११० आणि १४०!

एक गोष्ट मात्र कृपा करून उलटी समजू नका. इम्प्लांट थांबू शकतो, किडलेला आणि पू झालेला दात थांबू शकत नाही. "शुगर कमी होऊ दे, मग दात काढू" म्हणत गाल सुजवून बसलेले पेशंट मी पाहिले आहेत. तोंडातला पू स्वतःच शुगर वाढवतो. तिथे शुगर कमी होण्याची वाट बघत बसणं म्हणजे गळका नळ बंद न करता फरशी पुसत राहणं. असा दात असेल तर आजच फिजिशियन आणि डेंटिस्ट दोघांनाही दाखवा.

हिरड्या कोण बघणार?

फिजिशियन म्हणतो तोंड डेंटिस्टचं. डेंटिस्ट म्हणतो शुगर फिजिशियनची. मधल्या मध्ये हिरड्या राहून जातात. हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञांनी १९९३ मध्येच लिहून ठेवलं की हिरड्यांचा आजार हा डायबिटीसचा सहावा दुष्परिणाम आहे. डोळे, किडनी, नसा, हृदयाच्या आणि पायाच्या रक्तवाहिन्या, सगळ्यांची तपासणी आम्ही वर्षाला करायला सांगतो. तोंडाची सांगत नाही. मी स्वतः वीस वर्षं सांगत नव्हतो.

हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. शुगर जास्त असली की हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्या शुगर वाढवतात. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. ०.४ म्हणजे थोडंच, असं वाटेल. पण कधी कधी आम्ही तेवढ्यासाठी एक जास्तीची गोळी सुरू करतो.

इम्प्लांटच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. उरलेल्या दातांच्या हिरड्यांत जे जंतू वाढतात, तेच इम्प्लांटच्या भोवतीही जातात. काकांच्या वरच्या दातांतला पू तसाच ठेवून खाली नवे इम्प्लांट केले, ही एक मोठी चूक होती. आधी हिरड्यांची सफाई आणि उपचार, मग तीन महिने शुगरचं नियंत्रण, मग इम्प्लांट, असा क्रम मी आता सुचवतो. यातली पहिली दोन कामं एकाच वेळी चालू राहतात, त्यामुळे फार वेळ वाया जात नाही.

आणि मिश्री! "तंबाखूचं व्यसन आहे का?" असं विचारलं की आमच्याकडच्या मावश्या, आज्या ठामपणे नाही म्हणतात. "मिश्री लावता का?" असं विचारलं की म्हणतात, "हो, ती काय, दात घासायला." द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून कामाला येणाऱ्या बायका असोत की बंगल्यात राहणारी शिक्षिका, मी आता सगळ्यांना नाव घेऊन विचारतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून तीन-चार वेळा ती हिरड्यांवर चोळायची आणि त्याच हिरडीत चाळीस हजारांचा इम्प्लांट बसवायचा, याला काय म्हणावं? निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट आढळतं. त्यात डायबिटीस असेल तर मी स्पष्ट सांगतो की तंबाखू सुटल्याशिवाय इम्प्लांट करू नका. पैसे ठेवून द्या, कवळीवर भागवा. हे कठोर वाटतं, पण मला दुसरा पर्याय दिसत नाही.

गोळ्यांची पिशवी बरोबर न्या

डेंटिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. चिठ्ठी नव्हे, गोळ्या. कारण चिठ्ठीवर एक असतं आणि पोटात दुसरंच जात असतं.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर सकाळची वेळ मागा. नेहमीप्रमाणे नाश्ता करा, गोळी घ्या आणि जा. गोळी घेऊन उपाशी जाणं सगळ्यात धोकादायक. खुर्चीवर घाम फुटला, हातपाय थरथरले तर ती भीती नसून शुगर कमी झालेली असू शकते. नंतर दोन-तीन तास तोंड बधिर असतं, जेवता येत नाही, म्हणून दुपारच्या गोळीचं काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. ताक, पातळ खिचडी, मऊ भात घरी तयार असू द्या.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या अलीकडे स्वस्त झाल्याने खूप जणांना चालू आहेत. चांगल्या गोळ्या आहेत. पण पूर्ण जबड्याचं मोठं काम असेल, भूल देऊन किंवा उपाशी ठेवून करायचं असेल, तर त्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. एका दाताचं काम जागेवर इंजेक्शन देऊन होणार असेल आणि तुम्ही जेवणार असाल, तर सहसा थांबवावं लागत नाही. निर्णय तुमच्या फिजिशियनचा, मेडिकलवाल्याचा नव्हे.

हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक अॅसिड किंवा दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेत असाल, तर ते सांगायला विसरू नका. ही औषधं गोळ्यांच्या पिशवीत सापडत नाहीत, म्हणून राहून जातात. त्यांच्यामुळे क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून बरंच होत नाही, असा प्रकार घडतो. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट टाकलेल्या माणसाने दातासाठी गोळ्या बंद केल्या आणि हार्ट अटॅक आला, तर दात कुठे आणि जीव कुठे.

सूज उतरावी म्हणून कधी कधी स्टेरॉइड दिलं जातं. त्याने दोन-तीन दिवस शुगर चांगलीच चढते, तेव्हा घाबरू नका, पण मोजत राहा. वेदनाशामक गोळ्यांबद्दल मात्र मी आग्रही आहे. डायबिटीस जुना असेल तर क्रिएटिनिन आधी पाहायलाच हवं. किडनी थोडी जरी कमकुवत असेल तर डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक अशा गोळ्या पाच दिवस खाणं महाग पडतं. पॅरासिटामॉलवर भागतं का ते आधी बघावं.

एवढा खटाटोप करायचा कशाला?

वाचून कोणी म्हणेल, मग नकोच ते इम्प्लांट. थांबा. मला उलट बाजूही सांगायची आहे.

दाढा नसलेला डायबिटीसचा पेशंट काय खातो? बाजरीची भाकरी चावत नाही. शेंगदाणे, मोड आलेली मटकी, काकडी, गाजर, पेरू, सगळं बंद. मग काय उरतं? चहात बुडवलेला पाव, बिस्किटं, मऊ भात, शिरा, केळं. मी समोर बसून "भाकरी-पालेभाजी खा, कोशिंबीर खा" असं सांगतो आणि ते मान डोलावतात. चावायला दाढ आहे का, हे मी विचारत नाही. मग पुढच्या वेळी शुगर वाढलेली दिसली की गोळी वाढवतो.

इस्तंबूलमधल्या ९४ डायबिटीस रुग्णांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नीट चावता येत होतं आणि ज्यांना येत नव्हतं, त्यांच्या एचबीए१सीमध्ये जवळजवळ २ टक्क्यांचं अंतर होतं. अभ्यास छोटा आहे, आणि जास्त शुगरमुळेच दात गेले असंही असू शकतं. तरी माझ्या ओपीडीत मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे, असं आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीने सांगितलं. त्यातले किती जण चावू शकतात, हा प्रश्न मला आता आहाराच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पण चावता येण्यासाठी प्रत्येक वेळी तोंडभर इम्प्लांट लागत नाहीत. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट करून त्यावर बटणासारखी बसणारी कवळी लावता येते. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी अशा रुग्णांसाठी हाच पहिला पर्याय असावा असं मत दिलं होतं. सहा-आठ इम्प्लांटच्या तुलनेत खर्च कमी, जखम लहान, आणि कवळी काढून सगळं स्वच्छ करता येतं. ज्याच्या हाताला कंप आहे, नजर अधू आहे, त्याच्यासाठी तर मला हेच जास्त सोयीचं वाटतं. एखादीच दाढ नसेल तर ब्रिजचाही विचार होऊ शकतो. तुमच्यापुढे फक्त एकच महागडा पर्याय ठेवला गेला असेल तर दुसऱ्या ठिकाणी विचारा. नाशिकला पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात साधारणपणे खर्च कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. हप्त्यांवर कर्ज काढून दात बसवणारे लोकही मी पाहतो. त्यांना विचारतो की पुढच्या तपासण्यांचे पैसे वेगळे ठेवलेत का? ते बहुतेकांनी धरलेलेच नसतात.

बागायतदारांसाठी वेळेचाही मुद्दा आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की माल निघेपर्यंत तुमचं जेवण, झोप, औषध, कशालाच ठिकाणा नसतो. फवारणी चुकत नाही, गोळी चुकते. त्या काळात इम्प्लांट करू नका. पावसाळ्यात, बागेचं काम जरा हलकं असताना करा, म्हणजे निदान पहिले दोन-तीन महिने शुगर हातात राहील.

दात बसल्यानंतरचं एक सांगायचं राहिलं. इम्प्लांट किडत नाही, हे खरं. पण खऱ्या दाताभोवती जी जाणीव असते ती इम्प्लांटला नसते, त्यामुळे आत सूज येऊन हाड झिजत असलं तरी बऱ्याचदा दुखत नाही. ब्रश करताना रक्त येणं, हिरडी लाल दिसणं, दाबल्यावर पू येणं, एवढीच सूचना मिळते. डायबिटीस असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी डेंटिस्टकडे तपासणी आणि सफाई ठेवा. इम्प्लांटच्या पाकिटावरचा कंपनी, साइझ आणि बॅच नंबरचा स्टिकर मागून घ्या आणि फाइलला चिकटवा. दहा वर्षांनी एखादा स्क्रू बदलायची वेळ आली, आणि तेव्हा तुम्ही मुलाकडे पुण्याला असाल, तर त्या डॉक्टरला तो लागेल.

माझ्या चिठ्ठीवर आता डायबिटीस किती वर्षांचा, एचबीए१सी कधीचा आणि किती, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, बीपी, सगळी औषधं आणि त्यातली कोणती कधी थांबवायची, तंबाखू-मिश्री, आणि हिरड्या मी पाहिल्या तेव्हा कशा होत्या, एवढं असतं. पुढच्या एचबीए१सीची तारीखही लिहितो, इम्प्लांटनंतर तीन महिन्यांची. तुमच्या फिजिशियनने एका ओळीत 'फिट' असं लिहून दिलं तर त्यांना नम्रपणे हे विचारा. राग आला तर येऊ द्या. मला कोणी त्या दिवशी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काकांच्या खालच्या जबड्यात जे दोन इम्प्लांट टिकले, त्यांच्यावर डेंटिस्टने पुढे बटणाची कवळी बसवून दिली. मात्र आधी चार महिने हिरड्यांचे उपचार झाले आणि इन्सुलिन सुरू करावं लागलं. परवा ते तपासायला आले होते, एचबीए१सी ७.४. कवळी काढून तोंड उघडून त्यांनी स्वतःच दाखवलं. डावीकडच्या इम्प्लांटजवळ हिरडी जराशी लाल होती. त्या बाजूला ब्रश नीट पोहोचत नाही, म्हणाले. त्यांना त्याच दिवशी डेंटिस्टकडे पाठवलं.